भिंतीवरचे चाळीस, वहीतले बारा

वहिनी,

परवा तुझं तेरावं झालं आणि काल मी लॅबमध्ये परत गेले. माथुर साहेब म्हणाले, "शालूजी, हफ़्ताभर और घर रह लेतीं." घरी राहून काय करू? घरी दादा आहे. दिवसातून एकदा तरी तो विचारतो, "शालू, त्या दिवशी रक्ताचा रिपोर्ट नक्की काय आला होता गं?" मी म्हणते, "नॉर्मल." तो मान हलवतो आणि मी उठून घासलेली भांडी पुन्हा घासायला घेते.

चिठ्ठीवर मी तेच लिहिलं होतं. नॉर्मल. माझ्या अक्षरात, माझ्या सहीनं. त्यापुढचं दादाला सांगितलेलं नाही. तुला ते ठाऊक आहे, म्हणून आधी तुझ्याशी बोलते. पण ही काही तुझी आरती नाही हं. मी तुझ्यावर अजून चिडलेली आहे.

भेटायला येणाऱ्या बायका दारातच सुरू करतात. "भाग्यवान हो! सवाष्ण गेली, भरल्या कपाळानं गेली." पहिल्या दोघींना मी मुकाट्यानं पाणी दिलं. तिसरीला म्हटलं, "सेहेचाळीसाव्या वर्षी गेली, यात भाग्य कसलं?" दादानं आतून दरडावलं, "शालू!" तू असतीस तर "वन्सं, जरा आत या" म्हणाली असतीस. एरवी मी तुझी शालू आणि तू माझी तू. रागावलीस की मात्र मी वन्सं व्हायचे आणि तुझं "तुम्ही" सुरू व्हायचं. गेल्या संक्रांतीपासून आपल्यात वन्सं फार वेळा झालं.

आई गेल्यावर मी साताऱ्याहून तुमच्याकडे आले तेव्हा एकोणीस वर्षांची होते. दादाची विम्याच्या कचेरीतली नोकरी, जयपूरची बदली, जुन्या शहरात चारदीवारीच्या आत दुसऱ्या मजल्यावरचं बिऱ्हाड आणि ते उभे दगडी जिने. तुम्हाला मूलबाळ नव्हतं. मला वाटलं, वहिनी आता मला पुरणपोळी शिकवेल आणि स्थळं बघेल. तू दुसऱ्याच आठवड्यात मला हॉस्पिटलच्या लॅबमध्ये नेलंस आणि काचेची पिपेट हातात दिलीस. "तोंडानं हळू ओढायचं, खुणेपाशी थांबायचं, गिळायचं नाही." पहिल्याच दिवशी मी मिठाचं पाणी गिळलं. तू इतकी हसलीस की माथुर साहेब आपली खोली सोडून बघायला आले. पुरणपोळी मला अजून येत नाही. पण माझं पोट माझ्या हातांवर चालतं, आणि ते हात तू घडवलेस. हे तुला कधी म्हटलं नाही. म्हणायचं असतं हे सुचलंही नाही.

तीन-चार वर्षांपूर्वी आपल्याकडे ती नवी तपासणी आली. त्या दिवसांत तुझा पाय जमिनीवर नव्हता. हृदयाच्या स्नायूला इजा झाली की त्यातलं एक द्रव्य रक्तात झिरपतं. ते हळूहळू वाढतं, साधारण दुसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त सापडतं. आपण सीरम घ्यायचं, औषध घालून तासभर कोमट पाण्यात ठेवायचं, मग तपकिरी रंग चढतो तो यंत्रावर मोजायचा. रंग जितका गडद तितका आकडा मोठा. "छातीत काय झालंय ते हाताच्या शिरेतून कळतं," असं तू दादाला जेवताना सांगत होतीस आणि दादा म्हणत होता, "आधी भात वाढ."

आणि भिंतीवर कागद लागला. चाळीसपर्यंत नॉर्मल. हा चाळीस माथुर साहेबांनी नुसता पुस्तकातून उचलला नव्हता, आपल्याकडच्या निरोगी माणसांच्या रक्तावर पडताळून घेतला होता. निरोगी माणसं कोण? मेडिकल कॉलेजच्या वसतिगृहातली मुलं आणि वॉर्डातले तरणेबांड कर्मचारी. त्यांचं रक्त तूच काढलं होतंस. वर्षभरानंतर एक दिवस तू त्या कागदापुढे उभी राहिलीस आणि म्हणालीस, "शालू, यात एकही बाई नाही."

मी म्हटलं, "बाईचं हृदय काय वेगळ्या जागी असतं?"

"ते मला माहीत नाही. म्हणूनच म्हणतेय."

मग तू चिठ्ठ्या बघायला लागलीस. पुरुषांच्या वॉर्डातून रक्त आलं की चिठ्ठीवर लिहिलेलं असायचं, छातीत दुखतं, हार्ट? बायकांच्या वॉर्डातून तसं रक्त जवळजवळ यायचंच नाही. आलं तर चिठ्ठीवर गॅस, घबराहट, कमजोरी. कधी नुसतं "बहुत बोलती है". ती चिठ्ठी तू माथुर साहेबांपुढे आपटलीस. त्या बाईचा आकडा पस्तीस होता. तू म्हणालीस, "सर, इनके लिए पैंतीस ज़्यादा हो सकता है." साहेब भले माणूस, त्यांनी शांतपणे विचारलं, "किस आधार पर, बहनजी? औरतों का नॉर्मल कहाँ है?"

तू घरी आलीस, कणीक मळता मळता थांबलीस आणि म्हणालीस, "कुठे आहे ते मला माहितेय. आपल्या हळदीकुंकवाला."

मला आधी थट्टाच वाटली. पण तू संक्रांतीच्या आठवडाभर आधी दारोदार फिरून बोलावणी केलीस. बँकेतल्यांच्या, कचेरीतल्यांच्या, छावणीतल्या दोन लष्करी घरांतल्या. आणि प्रत्येकीला सांगितलंस, "यंदा मी वाण देणार नाही, घेणार आहे." बायका हसल्या. आल्या तेव्हा बघतात तर स्वयंपाकघरात स्टोव्हवर पातेल्यात सिरिंजा उकळतायत. गच्च्यांवरून पतंग उडवणाऱ्या पोरांचं "वो काटा, वो काटा" चाललेलं, खाली आपल्या खोलीत तिळगूळ, अत्तर, गुलाबपाणी आणि पाटावर ओळीनं मांडलेल्या काचेच्या नळ्या. कुणी तोंड फिरवलं, कुणी ओरडली, एक मेजरीणबाई मात्र दोन्ही हात पुढे करून म्हणाली, "हवं तेवढं घ्या, सासूबाईंपेक्षा कमीच पिता तुम्ही."

तिथवर मीही हसत होते. मग करंदीकर आजी आल्या. सत्तरीच्या, विशीतच विधवा झालेल्या. त्यांच्यामागे आणखी चौघी. तुला सगळ्या वयाच्या बायका हव्या होत्या, आणि पन्नाशीपुढच्या निम्म्या बायका विधवा. म्हणून तू त्यांनाही बोलावणं केलंस. हळदीकुंकवाला! दोघीतिघी काही निमित्त सांगून उठून गेल्या. तू आजींपुढे तबक धरून विचारलंस, "लावू?" आजी म्हणाल्या, "कुंकू राहू दे गं. पन्नास वर्षांत असल्या दिवशी कुणी दार उघडलं नव्हतं. रक्तच हवंय ना तुला? घे." आणि त्यांनी पदराखालून हात बाहेर काढला. तो हात सुरकुतलेला आणि पिसासारखा हलका होता.

संध्याकाळी त्या नळ्या बर्फाच्या थर्मासमध्ये घालून आपण सायकलरिक्षानं लॅबकडे निघालो. थर्मास माझ्या मांडीवर. रस्त्यावर मांज्याचे गुंते लोंबत होते, रिक्षावाला एका हातानं ते वर धरत होता. मी आतून धुमसत होते. म्हटलं, "तुझ्या नळ्यांसाठी विधवांना हळदीकुंकवाला बसवलंस. दादाला काही झालं म्हणजे?"

कसं बोलले मी ते! शिकलेली, लॅबमध्ये काम करणारी. पण बोलले.

तू म्हणालीस, "वन्सं, तुमच्या दादांचं रक्त मी मागच्याच महिन्यात तपासलंय. ठणठणीत आहेत." रिक्षावाल्याला काही कळलं नाही, तरी तो हसला. मी हसले नाही. त्या रात्री तू माझंही रक्त मागितलंस. मी म्हटलं, "माझं मिळणार नाही." तू वहीत माझं नाव लिहिलंस आणि पुढची जागा मोकळी सोडलीस. तेव्हापासून त्या वहीला मी हात लावला नाही. तू आकडे वाचून दाखवायला लागलीस की मी नळ खळखळून सोडायचे.

आता तो दिवस.

आदल्या दिवशी तुझी एकादशी होती. त्या दिवशी पहाटेच तू म्हणालीस, जबडा जड झालाय, पाठीत दुखतंय, मळमळतंय. मी म्हटलं, "साबुदाणा." तू म्हणालीस, "पित्तच असेल." नोव्हेंबरचा गारठा आणि तुझं पोलकं घामानं भिजलेलं. तरी आपण कामाला गेलो. अकराच्या सुमारास तू स्टुलावरून उतरून भिंतीला टेकलीस, तेव्हा मी ड्युटीवरच्या डॉक्टरांना बोलावलं. पोरसवदा होते बिचारे. त्यांनी कार्डिओग्रामची पट्टी काढली, पुन्हा पुन्हा बघितली, म्हणाले, "साफ़ नहीं है, पर ख़ास भी कुछ नहीं. ख़ून देख लीजिए." तू बाकावर आडवी होत म्हणालीस, "शालू, तूच कर."

मीच केलं. तासभर पाण्यात ठेवलं, रंग चढला, मोजला. चौतीस. दोनदा मोजला. चौतीस. मला इतका आनंद झाला वहिनी! मी तिथूनच ओरडले, "चौतीस! चाळीसच्या आत आहेस."

तुझे डोळे मिटलेले होते. तू म्हणालीस, "वही बघ."

वही तुझ्या कपाटात, माझ्यापासून चार पावलांवर. किल्ली तुझ्या कमरेला. आणि मी, डॉक्टर उभे असताना, त्यांच्यादेखत म्हणाले, "वही राहू दे. भिंतीवर लिहिलंय ते बास आहे."

तू एवढंच म्हणालीस, "मग उद्या पुन्हा घे." मी म्हटलं, "उद्या तू ठणठणीत असशील." आणि चिठ्ठीवर नॉर्मल लिहिलं. डॉक्टरांनी सोड्याच्या गोळ्या दिल्या. आपण रिक्षानं घरी आलो. वाटेत तू मेथीची जुडी घेतलीस आणि दोन्ही जिने स्वतःच्या पायांनी चढलीस, मधल्या वळणावर तेवढी थांबलीस. दुसऱ्या दिवशी सकाळी दूध तापत होतं आणि तू ओट्याशी खाली बसलीस. दूध उतू गेल्याच्या वासानं मी आले. पुन्हा रक्त घ्यायची वेळ आलीच नाही.

काल तुझ्या जुडग्यातल्या किल्लीनं कपाट उघडलं. वही वरच होती. पहिल्या पानावर पहिलं नाव तुझंच. सुमती, सेहेचाळीस, बारा. पानं उलटत गेले. तिशीतल्या, चाळिशीतल्या, आजी, आजींच्या मैत्रिणी. कुणी दहा, कुणी पंधरा, कुणी अठरा. एकीचाही आकडा भिंतीवरच्या चाळीसच्या जवळपास फिरकत नव्हता. आणि तुझा बाराचा चौतीस झाला होता. हे मला त्या दिवशी चार पावलांवर मिळालं असतं.

मिळालं असतं तर तू वाचली असतीस का? माहीत नाही. डॉक्टरांकडे तरी काय आहे, महिनाभर अंथरुणात झोपवून ठेवतात, हलू देत नाहीत. पण निदान झोपवलं असतं. जिने चढली नसतीस. मेथी निवडत बसली नसतीस. रात्रंदिवस मी त्या जिन्यांच्या पायऱ्या मोजतेय. एकेचाळीस आहेत.

इथवर काल दुपारी लिहिलं आणि उठले. मग बसवेना. दादा कचेरीतून आला, त्याला चहा दिला आणि उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. चौतीस, बारा, वही, आणि मी ती का उघडली नाही तेही. गैरसमज नव्हता, राग होता, असं सांगितलं. वाटलं, तो हात उगारेल. उगारला असता तर बरं झालं असतं.

दादानं कप खाली ठेवला. म्हणाला, "मला माहितेय."

"काय माहितेय?"

"सुमतीनं त्या संध्याकाळी सांगितलं होतं. म्हणाली, आकडा माझ्यापुरता मोठा आहे. मी म्हटलं, चल, आत्ता हॉस्पिटलला जाऊ. तर म्हणे, एका आकड्यावर कोण ऐकणार? तीस-पस्तीस बायकांची वही आहे माझी, मलाच तिचा किती भरवसा आहे ते उद्या कळेल. उद्या शालू पुन्हा रक्त घेईल. आकडा चढला तर माथुर साहेबांना भिंतीवरचा कागद बदलावा लागेल." मग म्हणाला, "मी जबरदस्तीनं न्यायला हवं होतं. मी तुला रोज रिपोर्ट विचारतो तो यासाठी शालू. वाटतं, तू एकदा तरी म्हणशील की आकडा तेवढा मोठा नव्हता."

म्हणजे तुला माहीत होतं! बाकावर डोळे मिटून पडलेली असताना माहीत होतं. मग ओरडली का नाहीस? "वही बघ" एवढं पुटपुटून गप्प कशी बसलीस? एरवी डाळीत मीठ कमी पडलं तर अर्धा तास बोलायचीस. मला वन्सं म्हण, कान धर, किल्ली अंगावर फेक. तुला जीव वाचवायचा होता की वही खरी करून दाखवायची होती? काल रात्रीपासून हे तुला विचारतेय. भांडण अर्धवट टाकून जायची तुझी रीत नव्हती.

की तुलाही खात्री नव्हती? सगळा वॉर्ड, सगळे डॉक्टर, घरची नणंदसुद्धा एकच सांगायला लागली की बाईला आपल्याच दुखण्याची लाज वाटायला लागते. तुलाही वाटलं असेल, खरंच साबुदाणाच असेल. हे मला पहिल्या शंकेपेक्षाही सोसत नाही.

आज सकाळी दार वाजलं. करंदीकर आजी. दोन जिने चढून आल्या होत्या, दारात टेकून धापा टाकत होत्या. मला वाटलं, आता भरल्या कपाळाचं ऐकावं लागणार. त्या तसलं काही बोलल्या नाहीत. तुझ्या जागेवर बसल्या आणि म्हणाल्या, "सुमती म्हणाली होती, वर्ष झालं की पुन्हा रक्त घेईन. वर्षानं आकडा बदलतो का ते बघायचंय म्हणाली. संक्रांत दोन महिन्यांवर आली. या वर्षी बोलावणं येणार की नाही ते विचारायला आले."

मी म्हटलं, "आजी, घरात सवाष्ण नाही. दादा असा, मी अशी बिनलग्नाची. हळदीकुंकू कोण करणार?"

"कुंकू मी गेल्या वर्षी तरी कुठे लावून घेतलं होतं? तू सुई उकळ म्हणजे झालं."

दादा आतून ऐकत होता. तो उठला, आणि तुझं ते पातेलं शोधायला लागला. स्वयंपाकघरात त्याला कधी काही सापडत नाही. मीच काढून दिलं.

माथुर साहेबांना मी उद्या वही दाखवणार आहे. "इतनी-सी औरतों से नियम नहीं बनता" असं ते म्हणतील, आणि ते खोटं नाही. मग मी तुझं पान उघडून बाराशेजारी चौतीस लिहीन, माझी सही करीन, आणि नॉर्मल लिहिलेली ती चिठ्ठी त्यांच्यासमोर ठेवीन. कागद बदलला नाही तर रोज ठेवीन. मला नोकरीवरून काढलं तर काढलं.

पण त्याआधी एक काम राहिलं होतं. आजींनी माझ्या दंडाला रबराची नळी बांधली. त्यांच्या हातात जोर नाही, दोनदा सुटली, मग दादानं ती धरून ठेवली आणि तोंड खिडकीकडे वळवलं. डाव्या हाताची शीर, उजव्या हातात सुई, तू शिकवलंस तशी तिरकी, घाई न करता. रक्त घेऊन लॅबमध्ये गेले, रविवारची ती रिकामी होती. तासभर मी त्या कोमट पाण्यापाशी बसले आणि रंग चढायची वाट बघितली.

तू मोकळ्या सोडलेल्या जागेत आज लिहिलं, वहिनी. शालू, एकोणतीस, तेरा. तुझ्याहून एक जास्त आलाय. पुन्हा मोजून बघ म्हणशील म्हणून दोनदा मोजलाय.